तंजावरचे सरफोजी महाराज आणि त्यांचा बँड

उत्सवाची मिरवणूक असो, राष्ट्रीय दिनाची कवायत असो, की एखाद्या शूर शिपायाची अंत्ययात्रा असो; बँडाचे सूर कानी पडताच लहानथोरांची पावले आपोआप ठेका धरू लागतात. परंतु ते सूर काढणाऱ्या वादकास ही विद्या कोणी शिकविली आणि कोणत्या रीतीने शिकविली, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. शिपायाच्या शिक्षणाचे व पराक्रमाचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले. त्याच्यापुढे वाजवीत चालणाऱ्याची कथा मात्र बहुधा अंधारातच राहिली. म्हणून ह्या स्मरणिकेच्या पानांतून आम्ही एका अशा राजपुरुषाचे चरित्र वाचकांस सादर करीत आहोत, की ज्यांच्यापाशी लढावयास फौज उरली नव्हती, तरी ज्यांनी आपल्या दरबारी पाश्चात्य पद्धतीचा बँड उभा केला व त्यासाठी आपल्या देशातील वादक तयार करविले. ते पुरुष म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजी राजे भोसले होत.

तंजावर म्हटले की आमच्या परभणीकराच्या मनात दूरच्या द्रविड देशाची कल्पना येते, आणि अंतराच्या मानाने ती खरीही आहे. तथापि कावेरीकाठी राज्य करणारे हे घराणे मूळचे आमच्याच मराठवाड्यातील. वेरूळच्या भोसल्यांच्या कुळात शहाजी राजे झाले. त्यांचे एक पुत्र शिवछत्रपती, व दुसरे व्यंकोजी राजे, ज्यांस एकोजी असेही म्हणतात. ह्या व्यंकोजींनी १६७५ च्या सुमारास तंजावर हस्तगत केले, आणि तेव्हापासून १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे १८० वर्षे, तेथील राजवाड्यात मराठी भाषा नांदली. दप्तर मोडी लिपीत, कीर्तन मराठीत, नाटके मराठीत. आणि भोवतालची प्रजा तमिळ व तेलुगू बोलणारी. लष्करी वाद्यांचे म्हणाल, तर तेही आमच्या प्रदेशास अपरिचित नव्हते. १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात मोडणाऱ्या हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंट ह्या फौजेची छावणी १९०३ पर्यंत होती. आणि छावणी म्हटली की पहाटेचा बिगूल आलाच.

चरित्राकडे वळण्यापूर्वी लष्करी बँड म्हणजे काय, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. आमच्याकडे रणवाद्ये फार प्राचीन काळापासून आहेत. नगारा, तुतारी, कर्णा, शिंग, सनई ही वाद्ये किल्ल्याच्या दरवाजावर व सैन्याच्या अग्रभागी वाजत. युरोपातील बँडाची जडणघडण मात्र निराळी. सतराव्या व अठराव्या शतकांत तुर्कांच्या जानिसारी पथकांचे मोठे ढोल व झांजा पाहून युरोपीय राजांनी त्या उचलल्या, आणि आपल्याकडील ओबो, क्लॅरिनेट, बासून व शिंगे ह्यांच्या जोडीस त्या बसविल्या. वाद्यांची संख्या वाढली तसे वाजविणाऱ्याचे कामही कठीण झाले. कारण बँडात वीस वादक असले, तर विसांनीही एकच चाल वाजवावयाची नसते. एकाने मुख्य चाल धरावयाची, दुसऱ्याने तिच्याखालचा सूर धरावयाचा, तिसऱ्याने केवळ ठेक्यावर एकेक सूर द्यावयाचा, आणि चौथ्याने आठ मात्रा गप्प राहून नवव्या मात्रेवर अचूक प्रवेश करावयाचा. प्रत्येकाच्या पुढील कागद निराळा. तरी ऐकणाऱ्याच्या कानी पडावयाचे ते एकच संगीत.

आमच्या वाजंत्र्यांची विद्या कानाची होती. बाप वाजवीत असे, मुलगा ऐकत असे, आणि ऐकता ऐकता तो वादक होत असे. बँडाची विद्या कानाबरोबर डोळ्याचीही आहे. पाच आडव्या रेषांवर मांडलेली टिंबे वाचता आल्यावाचून तेथे पाऊल टाकता येत नाही. म्हणून शिकाऊ मुलास प्रथम स्वर वाचावयास व गळ्याने म्हणावयास शिकवितात. मग ओठांची ठेवण व श्वासाचा साठा. मग मात्रा मोजून गप्प राहण्याची सवय. आणि अखेरीस हे सर्व करीत असताना पावलांनी चालणे. ह्यांतील तिसरी पायरी सर्वांत अवघड असते. वाजवावयास उत्सुक असलेल्या मुलाला वाट पाहावयास शिकविणे सोपे नाही.

गोव्यातील आमच्या ख्रिस्ती बांधवांस ही पद्धत चांगली परिचित आहे. तेथील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांस स्वरवाचन व व्हायोलिन शिकविले जाई, आणि शिकविणारा मेस्त म्हणजे गावातील एक मानाचा मनुष्य असे. मिस्सेच्या गायनासाठी शिकलेली हीच मुले पुढे पोटाच्या पाठीमागे ब्रिटिश हिंदुस्थानात आली व पलटणींच्या, पोलिसांच्या आणि संस्थानिकांच्या बँडांत वादक व बँडमास्तर झाली. देवालयात शिकलेली विद्या अशा रीतीने कवायतीच्या मैदानावर पोहोचली. तंजावरची वाट ह्याहून निराळी होती. परंतु तीही एका पाद्र्याच्या दारावरूनच गेली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले कुळातील एका शाखेत झाला. तंजावरचे तुळाजी राजे ह्यांची स्वतःची संतती वारली होती. त्यांनी १७८७ साली, मरणापूर्वी थोडे दिवस, ह्या मुलास दत्तक घेतले. आणि त्याच्या रक्षणाचा भार तंजावर येथे राहणाऱ्या ख्रिश्चियन फ्रीडरिख श्वार्त्झ ह्या जर्मन मिशनऱ्यावर टाकण्याची इच्छा प्रगट केली. श्वार्त्झ हे लूथरपंथी होते, आमच्या कॅथलिक संप्रदायाचे नव्हते. तथापि ज्या पुरुषाचा शब्द हैदरअलीसारखा शत्रूही प्रमाण मानीत असे, त्याच्या सचोटीबद्दल पंथभेद आड येऊ देणे योग्य नव्हे. ते १७५० साली हिंदुस्थानात आले, ते पुन्हा मायदेशी गेले नाहीत. आणि दरबाराशी बोलता यावे म्हणून ते मराठीही शिकले होते.

तुळाजी राजे वारल्यावर कंपनी सरकारने पंडितांचा अभिप्राय घेऊन हे दत्तविधान अशास्त्र ठरविले व राजांचे सावत्र बंधू अमरसिंग ह्यांस गादी दिली. दहा वर्षांच्या सरफोजींच्या दुर्दैवास येथून आरंभ झाला. त्यांस कोंडल्यासारखे ठेवण्यात आले. उजेड नाही, मोकळी हवा नाही, आणि शिकविणारा कोणी नाही, अशा स्थितीत त्यांची कित्येक वर्षे गेली. मुलाचे राज्य हिरावले गेले ह्यापेक्षा त्याचे शिक्षण बुडत आहे, ह्याचे दुःख श्वार्त्झ ह्यांस अधिक झाले असावे, असे त्यांच्या खटपटीवरून दिसते. त्यांनी मद्रासच्या सरकाराकडे वारंवार तक्रारी केल्या. आणि अखेर १७९३ साली सरफोजींस व तुळाजींच्या राण्यांस संरक्षणासाठी मद्रासला नेण्यात आले.

मद्रासमधील ही वर्षे सरफोजींच्या जीवितास वळण देणारी ठरली. श्वार्त्झ ह्यांचे सहकारी विल्हेल्म गेरिके ह्यांनी तेथे त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. इंग्रजी भाषा, गणित, भूगोल व युरोपातील शास्त्रे ह्यांचा परिचय त्यांस झाला. ज्या मुलास काही वर्षांपूर्वी पाटीही मिळत नव्हती, त्याच्यापुढे एकाएकी सारे जग उघडले. शिवाय मद्रास हे कंपनीच्या दक्षिणेतील सत्तेचे मुख्य ठाणे होते. सेंट जॉर्ज किल्ल्यातून पलटणींचे बँड वाजत, आणि त्यांच्या चाली त्या काळच्या मद्रासेत केवळ गोऱ्यांच्याच कानांवर पडत होत्या असे नाही. कर्नाटक संगीताचे थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षित, जे सरफोजींहून अवघे दोन वर्षांनी वडील, त्यांनी ह्याच बँडांच्या कित्येक चालींवर संस्कृत देवस्तोत्रे रचली. इंग्रजांच्या राजगीताची चालही त्यांत आहे. त्यांचे धाकटे बंधू बालस्वामी ह्यांनी इंग्रजांकडील वादकापासून व्हायोलिन शिकून घेतले व ते कर्नाटक गायनाच्या साथीस आणले. जे वाद्य आज दक्षिणेत परके म्हणून कोणास ओळखूही येत नाही, त्याचा प्रवेश असा झाला.

परंतु ह्या सुरेल चित्रास एक कठोर बाजूही आहे, ती वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १७९५ साली कंपनीने असा नियम केला की, ज्यांचे आईबाप दोघेही युरोपीय नाहीत, अशांस तिच्या सैन्यात लढाऊ पदांवर घेऊ नये. मात्र ढोलवाले, बासरीवाले, बँडवाले व नालबंद म्हणून घ्यावयास हरकत नाही. गोरा बाप व हिंदी आई ह्यांच्या पोटी जन्मलेल्या शेकडो मुलांच्या हातातून तलवार काढून घेण्यात आली आणि त्याच हातांत बासरी देण्यात आली. लष्करी वाद्यांचे शिक्षण हे अनेकांच्या वाट्याला अशा रीतीने, मानाच्या जागी मिळालेले सांत्वन म्हणून आले. लौकरच एका राजाच्या वाट्यासही ते काहीसे असेच यावयाचे होते.

काशी आदि ठिकाणच्या पंडितांचे मत पुन्हा घेऊन कंपनीने पहिला निर्णय फिरविला व १७९८ साली सरफोजींस गादीवर बसविले. ज्यांनी ह्यासाठी दहा वर्षे झीज सोसली, ते श्वार्त्झ मात्र हा दिवस पाहावयास राहिले नाहीत. त्याच वर्षी १३ फेब्रुवारी रोजी त्यांचे देहावसान झाले होते. सरफोजी त्यांच्या अंत्यविधीस स्वतः गेले. पुढे त्यांनी इंग्लंडातील प्रख्यात शिल्पकार जॉन फ्लॅक्समन ह्यांजकडून संगमरवरी स्मारक करवून घेऊन ते तंजावरच्या किल्ल्यातील चर्चमध्ये बसविले. मरणशय्येवर पडलेले वृद्ध गुरू व त्यांच्या जवळ उभे असलेले तरुण राजे, असे ते शिल्प आहे. महाराज अखेरपर्यंत आपल्या हिंदू धर्मातच राहिले. परंतु गुरूचे ऋण मानावयास धर्म आड येतो असे त्यांस कधी वाटले नाही.

गादी मिळाली खरी. परंतु तिची किंमत जबर होती. १७९९ च्या ऑक्टोबरात झालेल्या तहाने तंजावर राज्याचा सर्व कारभार कंपनीच्या हाती गेला. महाराजांकडे तंजावरचा किल्ला व राजवाडा राहिला. आणि वर्षास १ लक्ष होन व निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढे उत्पन्न. न्याय त्यांच्या हाती नाही, महसूल नाही, फौज नाही. बावीस वर्षांच्या तरुणास राजा ही पदवी होती, पण राजाचे काम नव्हते. अशा स्थितीत सापडलेले कित्येक संस्थानिक मद्य, शिकार व नाचरंग ह्यांत बुडाले, हे इतिहासात नमूद आहे. आमच्या मते सरफोजींच्या चरित्राचा खरा प्रश्न येथेच उभा राहतो. ज्याच्या हातातील सत्ता काढून घेतली गेली, त्याने उरलेल्या आयुष्याचे काय करावे?

त्यांनी जे केले ते हे. त्यांनी पूर्वजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, मराठी, तमिळ व तेलुगू पोथ्यांची भर घातली आणि युरोपीय भाषांतील हजारो ग्रंथ आणवून तेथे ठेविले; त्यांतील पुष्कळांवर त्यांची स्वाक्षरी आहे. नवविद्याकलानिधी नावाची शाळा चालविली. देवनागरी लिपीचा छापखाना घातला, व त्यातून १८०९ साली इसापाच्या नीतिकथांचे मराठी भाषांतर बाळबोधमुक्तावली ह्या नावाने निघाले; मराठी मुद्रणाच्या इतिहासात हे पुस्तक अगदी आरंभीचे गणले जाते. धन्वंतरी महालात औषधे तयार होत, आणि नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची चित्रे काढून रोगाचे वर्णन व उपचार टिपून ठेविले जात. बृहदीश्वराच्या देवालयाच्या भिंतीवर त्यांनी १८०३ साली आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. ह्या सर्व उद्योगांत एक सूत्र स्पष्ट दिसते. जे ज्ञान एका मनुष्याच्या मुखात किंवा हातात आहे, ते लिहून काढावे, म्हणजे तो मनुष्य गेला तरी ते राहील.

बँडाचे शिक्षणही त्यांनी ह्याच दृष्टीने हाती घेतले. त्यांच्या दरबारी सनई-चौघडा, नागस्वर व वीणा ह्यांचे वादक होतेच; त्यांच्या शेजारी त्यांनी युरोपीय वाद्यांचा ताफा उभा केला, जो पुढे तंजावर बँड ह्या नावाने प्रसिद्ध झाला. वाद्ये व छापील संगीत युरोपीय बाजारातून मागविण्यात येई. वाजविणारे मात्र ह्याच देशातील होते. त्यांस पाच रेषांवरील स्वर वाचावयाचे शिक्षण मिळे. दरबारातील वराहप्पय्या नामक विद्वान अधिकाऱ्याने इंग्रजांपासून व्हायोलिन आत्मसात केले होते, व पाश्चात्य संगीताच्या ह्या कामात त्यांचे साहाय्य महाराजांस झाले, असे दक्षिणेतील संगीताचे इतिहासकार सांगतात.

एवढ्यावरच महाराज थांबते, तर गोऱ्या पाहुण्यांपुढे गोऱ्यांचेच संगीत वाजविणारा आणखी एक राजा, एवढीच त्यांची नोंद झाली असती. परंतु त्यांनी आपल्या देशी चिजाही पाश्चात्य स्वरलेखनात उतरवून घेतल्या, म्हणजे बँडवाल्यास त्या कागदावरून वाजविता याव्यात. हे काम दिसते तेवढे सोपे नाही. आमचा राग सुरांच्या नुसत्या क्रमावर उभा नसतो. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना जो हेलकावा, जो कंप येतो, त्यात त्याचा प्राण असतो, आणि टिंब मांडून तो पुरता सांगता येत नाही. शिवाय त्या काळच्या पितळी शिंगांस व तुताऱ्यांस आजच्यासारख्या कळी नव्हत्या. वादकाच्या फुंकीने जे थोडे नैसर्गिक सूर निघत तेवढेच त्यांचे भांडार. त्यांवर राग कसा वाजावा? तो भार व्हायोलिन, बासरी व क्लॅरिनेट ह्यांनीच उचलणे शक्य होते. ज्यास दोन भाषा येतात त्यासच भाषांतराचे दुःख कळते. तंजावरच्या वादकांस संगीताच्या दोन भाषा शिकाव्या लागल्या.

ह्या शिक्षणाचा प्रभाव केवळ कवायतीच्या चालीपुरता राहिला नाही. महाराजांनी नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस ह्या नावाने त्या प्रसिद्ध आहेत. एकाच कथेस धरून अठरा निरनिराळे नृत्यप्रकार क्रमाने गुंफावयाचे, अशी त्यांची मांडणी आहे. त्यांच्याच दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू हे चार बंधू होते. मुत्तुस्वामी दीक्षितांचे हे शिष्य. दक्षिणेतील नृत्याचा जो क्रम आज भरतनाट्यम् म्हणून सर्वत्र शिकविला जातो, तो ह्या चौघांनी घालून दिला. त्यांतील धाकटे वडिवेलू व्हायोलिनात असे निपुण झाले की, पुढे त्रावणकोरचे महाराज स्वाती तिरुनाळ ह्यांनी १८३४ साली त्यांस हस्तिदंती व्हायोलिन देऊन गौरविले. नृत्याच्या साथीस क्लॅरिनेटही आला, व तो तेथे दीर्घकाळ टिकला. बँडबरोबर आलेले वाद्य मंदिराच्या नर्तकीच्या मागे उभे राहिले, आणि कोणास त्यात विसंगत असे काही वाटले नाही. ह्याच दरबाराचा आश्रय श्वार्त्झ ह्यांचे दुसरे शिष्य, तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायकम् शास्त्री ह्यांसही होता.

महाराजांवर आक्षेप घेणारेही आहेत, आणि त्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे. राज्य गमावलेल्या राजाने जेत्यांच्याच सैन्याचे संगीत आपल्या अंगणात वाजवावे, हे पारतंत्र्याचे भूषण नव्हे काय? नेपोलियनावर इंग्रजांनी मिळविलेल्या जयाच्या स्मरणार्थ त्यांनी १८१४-१५ च्या सुमारास समुद्रकाठी मनोरा नावाचा आठ मजली बुरूज बांधला, ही गोष्ट त्या आक्षेपास बळकटी देते. शिवाय ग्रंथ असोत की वाद्ये असोत, त्यांचा पैसा अखेर कावेरीकाठच्या शेतकऱ्याच्या साऱ्यातूनच येत होता. हे सर्व मान्य करूनही आम्हांस असे वाटते की, बुरूज आणि बँड ह्यांस एकाच मापाने मोजू नये. बुरूज इंग्रजांस दाखविण्यासाठी होता. तो बांधून पुरा झाला, की त्यापासून कोणी काही शिकावे असे उरले नाही. बँडामुळे मात्र माणसे तयार झाली. ज्यास एकदा स्वर वाचता येऊ लागले, त्याची ती विद्या ना कंपनीस काढून घेता येत होती, ना राजास. ज्याने लहानपणी शिक्षणावाचून काढलेल्या दिवसांचे दुःख भोगले होते, त्या पुरुषास हा भेद कळला नसेल, असे आम्हांस वाटत नाही.

१८२० साली महाराज सुमारे ३००० माणसांच्या लवाजम्यानिशी काशीयात्रेस निघाले, आणि ती दीर्घ यात्रा पुरी करून परतले. जातानाही त्यांनी ग्रंथ जमविले आणि घाटांची चित्रे काढविली. १८२६ साली कलकत्त्याचे प्रोटेस्टंट बिशप रेजिनाल्ड हेबर ह्यांनी तंजावरास त्यांची भेट घेतली. त्यानंतर थोड्याच दिवसांत बिशप त्रिचनापल्लीस वारले. महाराजांचा अंत ७ मार्च १८३२ रोजी झाला. त्यांचे वय त्या वेळी ५४ वर्षांचे होते.

त्यांच्यामागून त्यांचे पुत्र शिवाजी गादीवर आले. ते १८५५ साली पुत्रसंतानावाचून वारले, आणि लॉर्ड डलहौसी ह्यांच्या कारकिर्दीत कंपनीने तंजावरची गादी खालसा केली. राजवाड्यातील मालमत्तेवर जप्ती आली. राणी कामाक्षीबाई ह्यांनी दाद मागितली. परंतु १८५९ साली इंग्लंडातील प्रिव्ही कौन्सिलने, हे कृत्य राज्यसत्तेचे असून न्यायालयाच्या अधिकाराबाहेरचे आहे, असा निकाल दिला. वेरूळच्या भोसल्यांचे कावेरीकाठचे राज्य अशा रीतीने संपले. आश्रय तुटताच गवई, वादक व नर्तक तंजावर सोडून मद्रासकडे व दक्षिणेतील इतर दरबारांकडे पांगले. खजिना जप्त झाला, पण त्यांच्या बोटांतील व ओठांतील विद्येवर जप्तीचा हुकूम चालला नाही. ती ज्याच्या त्याच्या बरोबर गेली आणि जेथे गेली तेथे रुजली. त्याच तंजावरात पुढे अब्राहम पंडितर ह्या ख्रिस्ती संगीतशास्त्रज्ञाने १९१२ पासून संगीत परिषदा भरविल्या आणि १९१७ साली करुणामृतसागरम् हा आपला बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, हा केवळ योगायोग म्हणावा काय?

सरफोजींचे कार्य जगाच्या तुलनेत कोठे बसते, हेही पाहण्यासारखे आहे. पॅरिस येथे राज्यक्रांतीच्या धामधुमीत बेर्नार सारेत ह्यांनी नागरी फौजेच्या वादकांसाठी जी शाळा काढली, तिच्यातूनच १७९५ साली तेथील जगप्रसिद्ध संगीतविद्यालय जन्मास आले. इंग्लंडात मात्र दीर्घकाळ प्रत्येक पलटणीचे अधिकारी आपल्या खर्चाने परदेशी बँडमास्तर ठेवीत. क्रिमियाच्या युद्धात अनेक पलटणींचे बँड एकत्र येताच त्यांच्या सुरांत मेळ नाही असे दिसून आले. आणि मग १८५७ साली नेलर हॉल येथे सैन्याची संगीतशाळा स्थापन झाली. म्हणजे ज्या इंग्रजांचे बँड ऐकून तंजावरच्या राजाने आपले वादक शिकविले, त्या इंग्रजांस स्वतःची शाळा काढावयास त्याच्या मरणानंतरही २५ वर्षे लागली. आमच्या देशात दुसऱ्या एका मराठी राजाने, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी, १८८६ साली मौलाबक्ष ह्यांच्या हाताखाली गायनशाळा काढली व तेथे स्वरलेखनाच्या आधारे शिक्षण चालले. स्वतंत्र भारताच्या सैन्याने १९५० साली पचमढी येथे लष्करी संगीताचे विद्यालय सुरू केले, आणि प्रजासत्ताक दिनी दिल्लीत व नंतर परतीच्या सोहळ्यात जे बँड आपण ऐकतो, त्यांतील वादकांच्या शिक्षणाशी ह्या विद्यालयाचे नाव निगडित आहे. ह्या सर्व संस्थांमागे मोठमोठी राज्ये उभी होती. तंजावरात उभा होता तो फक्त राज्य हरवलेला एक माणूस.

वाचकहो, चर्चमधील गायकवृंद असो किंवा मिरवणुकीपुढे वाजणारा आपला लहानसा बँड असो, त्याचे मोल आपण बहुधा उत्सवाच्या दिवशी करतो. परंतु ते मोल खरोखर ठरते ते त्यापूर्वीच्या कित्येक कंटाळवाण्या सायंकाळी, जेव्हा कोणी एक धीराचा मनुष्य पाच-सात मुलांस पुनःपुन्हा तेच स्वर म्हणावयास लावतो, आणि आठ मात्रा गप्प कसे राहावे ते शिकवितो. त्या मुलांतील कोणी पुढे पुण्यामुंबईस जाईल, कोणी सैन्यात जाईल, कोणी शेतीतच राहील. आणि शिकविणाऱ्याचे नाव कदाचित कोणाच्या ध्यानीही राहणार नाही. तंजावरच्या बँडात पहिले सूर वाचणाऱ्या मुलांची नावेही आज कोणी उच्चारीत नाही. त्यांनी शिकलेले संगीत मात्र दक्षिणेच्या गायनात व नृत्यात आजही ऐकू येते. सरफोजी महाराजांस राज्य राखता आले नाही. पण शिकविण्यासारखे काही हाती आहे तोवर मनुष्य निःसत्त्व होत नाही, एवढे त्यांनी आपल्या चरित्राने दाखवून दिले. मुलांस स्वर शिकविण्यास बसणाऱ्या प्रत्येकाने ह्या मराठी राजाचे एकवार कृतज्ञतेने स्मरण करावे, अशी आमची विनंती आहे.